हाताचा वेग आणि पॉइंटरचा पल्ला

टेबलावर माउस एक इंच सरकला की पडद्यावर पॉइंटर किती पिक्सेल सरकतो, या प्रमाणाला माउसची संवेदनशीलता म्हणतात. लिनक्स डेस्कटॉपवर हे प्रमाण एका जागी ठरत नाही. माउसच्या पोटातला सेन्सर, कर्नलकडून आलेले आकडे वाचणारी लिबइनपुट ही लायब्ररी, तिला सूचना देणारा डेस्कटॉप आणि कधीकधी खुद्द अ‍ॅप्लिकेशन, असे चार हात या आकड्याला लागतात, आणि जो तो आपल्या परीने गुणाकार करतो. 'माउस फार पळतो' ही तक्रार ऐकायला एकच असली तरी रोग चारांपैकी कुठेही असू शकतो.

याशिवाय एक जुना वाद आहे: हे प्रमाण कायम एकच असावे, की हात जोरात फिरला तर वाढावे आणि सावकाश फिरला तर घटावे? लिबइनपुटमध्ये पहिल्या पद्धतीला फ्लॅट आणि दुसरीला अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणतात. पुढच्या संवादातले दोघे या वादाच्या दोन बाजूंना उभे आहेत. एक ज्येष्ठ मांडणीकार. त्यांचा दिवस इंकस्केप आणि स्क्रायबस या प्रोग्रॅममध्ये मुखपृष्ठांवरची अक्षरे नीट बसवण्यात जातो. दुसरी, त्याच कार्यालयातले संगणक सांभाळणारी तरुण तंत्रज्ञ. निमित्त नव्या माउसचे.

मांडणीकार: अगं, हा माउस आणलास तेव्हापासून पॉइंटर हाती लागत नाही. 'पर्व'मधला रफार जरासा डावीकडे घ्यायचा, तर तो जाऊन बसतो 'प'च्या डोक्यावर. म्हणून वेगाचा स्लायडर पार डावीकडे नेऊन ठेवला. आता वरच्या मेनूपर्यंत जायचं तर माउस तीनदा उचलून ठेवावा लागतो.

तंत्रज्ञ: काका, स्लायडर सगळ्यात शेवटी. आधी हा माउस किती डीपीआयचा आहे ते बघू.

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर सेन्सर किती वेळा 'सरकलो' असे कळवतो तो आकडा. छपाईतल्या डीपीआयशी याचे नावापुरतेच नाते आहे; इथे ठिपके नाहीत, नुसत्या मोजण्या आहेत. कर्नलपर्यंत पोचते ते एवढेच: आडवे इतके, उभे इतके, अमुक क्षणी. इंच, सेंटिमीटर यांचा तिथे पत्ता नसतो. १००० डीपीआयचा माउस आणि १६०० डीपीआयचा माउस टेबलावर सारखेच सरकले तरी दुसरा कर्नलला ६० टक्के जास्त मोजण्या पाठवतो, आणि कर्नल त्या निमूटपणे पुढे ढकलतो.

हिशेब सोपा आहे. पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे आणि एका मोजणीला एक पिक्सेल असे प्रमाण आहे असे धरू. १००० डीपीआयच्या माउसला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला १.९२ इंच, म्हणजे पाच सेंटिमीटरला किंचित कमी अंतर लागते. १६०० डीपीआयला १.२ इंच, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर पुरतात. मांडणीकारांच्या रफाराचा बराचसा घोटाळा या दोन सेंटिमीटरांत आहे.

खोक्यावर डीपीआय छापलेला नसेल, किंवा चाकामागच्या छोट्या बटणाने तो कुणीतरी बदलून ठेवला असेल, तर मोजून काढता येतो. लिबेव्हडेव्ह या लायब्ररीसोबत माउसचा डीपीआय काढणारे एक छोटे साधन मिळते. टर्मिनलमध्ये ते चालू करायचे, माउस पट्टीला लावून ठरलेले अंतर सरळ सरकवायचा आणि मोजण्यांचा आकडा वाचायचा. तंत्रज्ञाने लाकडी फूटपट्टी टेबलावर चिकटपट्टीने बसवली आणि माउस तिच्या कडेने दहा इंच नेला. आकडा सोळा हजारांच्या आगेमागे आला. म्हणजे माउस १६०० डीपीआयचा.

मांडणीकार: मग मागचं बटण दाबून तो ८०० वर आण. सगळं मुळातच सावकाश होईल.

तंत्रज्ञ: आणता येईल. पण सेन्सर बारीक मोजतोय, तर त्याला जाडंभरडं मोजायला कशाला लावायचं? वेग कमी करायचं काम लिबइनपुटवर सोडा.

मांडणीकार: फरक काय पडतो? शेवटी वेग तोच ना.

वेग तोच राहतो, बारकावा मात्र नेहमी तोच राहत नाही. १६०० डीपीआयला गुणक ०.५ लावला तर प्रत्येक मोजणीला पॉइंटर अर्धा पिक्सेल सरकतो. लिबइनपुट हा अर्धा भाग टाकून देत नाही. अपूर्णांकातच पुढे देते, तो साठत जातो आणि दुसऱ्या मोजणीला पिक्सेल पुरा होतो. ८०० डीपीआय आणि गुणक १ यांचा वेग इतकाच. उलट दिशेला मात्र नुकसान दिसते. ४०० डीपीआयच्या जुन्या माउसला गुणक २ लावला की प्रत्येक मोजणीला पॉइंटर दोन पिक्सेलची उडी मारतो आणि मधला पिक्सेल त्याला कधी सापडतच नाही. सेन्सर मुळात जाड मोजत असेल तर सॉफ्टवेअरला त्याला बारीक करता येत नाही. जास्त डीपीआय सॉफ्टवेअरने घटवणे बिनधोक, कमी डीपीआय सॉफ्टवेअरने फुगवणे महागाचे, हा साधा नियम इथून निघतो.

मांडणीकार: हे कागदावर ठीक. पण रफार हलवताना मी चारशे टक्के झूम करतो. तिथे तुझी दोन पिक्सेलची उडी चित्रात अर्ध्या पिक्सेलचीच राहते.

तंत्रज्ञ: हे मात्र खरं. आणि एकच पिक्सेल हलवायचा असेल तर आल्ट धरून बाणाची कळ दाबा. इंकस्केपमध्ये वस्तू पडद्यावरचा एक पिक्सेल सरकते. त्याला माउस लागतच नाही.

संवेदनशीलतेवर मिळणाऱ्या सल्ल्यांत झूमचा उल्लेख क्वचितच सापडतो. नेमकेपणा ज्यांना रोज लागतो ते मात्र झूम आणि कळफलक यांवरच विसंबून असतात. पॉइंटरची सेटिंग उपयोगी पडते ती मुख्यतः उरलेल्या दिवसभरासाठी: मेनू, खिडक्या, थरांची यादी, रंगांचे चौकोन.

खरा मतभेद इथून पुढे सुरू होतो.

तंत्रज्ञ: मी माझ्या यंत्रावर फ्लॅट ठेवते. माउस किती सरकला यावर पॉइंटर किती सरकणार ते ठरतं, बस. हाताला अंतर पाठ होतं.

मांडणीकार: हाताला अंतर पाठ होत नाही, घाई पाठ होते. लांब जायचं असलं की मनगट आपोआप जोरात फिरतं, जवळचं काम असलं की थांबत थांबत. पॉइंटरने तेवढं ओळखायला नको?

फ्लॅटमध्ये गुणक एक असतो आणि तो वेगाने बदलत नाही. लिबइनपुटमध्ये वेगाची सेटिंग उणे १ पासून अधिक १ पर्यंत जाते. फ्लॅटमध्ये शून्याचा अर्थ गुणक १, उणे अर्ध्याचा अर्थ निम्मा आणि अधिक १ चा अर्थ दुप्पट. उणे १ ला पॉइंटर जवळजवळ जागीच खिळतो. पार गोठू नये म्हणून तिथे एक अगदी छोटा गुणक राखून ठेवलेला आहे.

अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये गुणकाच्या जागी एक रेषा असते. हात फार सावकाश असेल तर गुणक १ च्या खाली जातो. मध्ये एक सपाट टप्पा असतो, तिथे गुणक १. त्यापुढे वेगासोबत गुणक चढत जातो आणि एका मर्यादेला थांबतो. स्लायडर सरकवला की ही सगळी रेषा सारख्या प्रमाणात वरखाली होत नाही. चढ कुठे सुरू होतो, तो किती उभा आणि शेवटची मर्यादा कोणती, या तीन गोष्टी एकदम बदलतात. त्यामुळे मांडणीकारांनी स्लायडर डावीकडे नेला तेव्हा रफाराजवळच्या संथ हालचालीत त्यांना हवा तेवढा फरक पडला नाही, आणि मेनूपर्यंतची लांब झेप मात्र तोकडी झाली. तक्रारीतली दोन वाक्ये परस्परविरोधी वाटतात, पण दोन्ही खरी होती.

दोन पद्धतींतला फरक पाहायला पट्टी पुन्हा उपयोगी पडते. पॉइंटर पडद्याच्या डाव्या बाजूला एका चिन्हावर ठेवायचा, माउस पट्टीच्या शून्यावर. माउस झटक्यात दोन सेंटिमीटर उजवीकडे न्यायचा आणि मग अगदी हळू तेवढाच परत आणायचा. १००० डीपीआय आणि गुणक १ असताना फ्लॅटमध्ये पॉइंटर सुमारे ७८७ पिक्सेल जातो आणि माउस शून्यावर आला की त्याच चिन्हावर परततो. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये झटक्याच्या वेळी सरासरी गुणक २ मिळाला असे धरले तर पॉइंटर जातो १५७४ पिक्सेल; परतीला गुणक १ धरला तर येतो ७८७. माउस मूळ जागी पोचला तरी पॉइंटर चिन्हापासून ७८७ पिक्सेल दूरच राहतो.

तंत्रज्ञ: बघा! तोच माउस, तीच जागा, पॉइंटर मात्र भलतीकडे. याला पाठ करायचं तरी कसं?

मांडणीकार: पण दिवसभरात माउस पट्टीच्या शून्यावर परत कोण आणतं? मला पॉइंटर परत चिन्हावर न्यायचा असतो आणि तो मी डोळ्यांनी बघत नेतो. हात कुठे आहे याच्याशी मला काय देणंघेणं?

दोघांच्या या उत्तरांत वादाचे मर्म आहे. फ्लॅटचा पुरस्कार करणारा हाताच्या जागेवर भिस्त ठेवतो. नेमबाजीच्या खेळांत डोळ्याने दुरुस्ती करायला वेळ नसतो, तिथे ही भिस्त रास्त आहे. डेस्कटॉपवर काम करणारा माणूस पॉइंटरकडे पाहत पाहत शेवटची दुरुस्ती करतो. संशोधन या बाबतीत मांडणीकारांच्या बाजूला थोडेसे झुकते. जेरी काझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थिर गुणकापेक्षा वेगाप्रमाणे बदलणारा गुणक सरासरी ३.३ टक्के जलद ठरला, आणि लहान लक्ष्यांवर हा फायदा ५.६ टक्क्यांपर्यंत गेला. फायदा आहे, पण मोठा नाही. ज्याच्या हाताला फ्लॅटची सवय मुरली आहे त्याने एवढ्यासाठी ती मोडावी असे त्यातून निघत नाही.

तंत्रज्ञाचा पुढचा आक्षेप जास्त वजनदार आहे.

तंत्रज्ञ: तुमची रेषा हाताचा वेग बघून चालते ना? मग तिला आधी वेग तरी खरा कळायला हवा. माउसचा डीपीआय माहीत नसेल तर लिबइनपुट तो १००० धरतं. हा आहे १६०० चा. तुमचा हात सावकाश चाललाय आणि तिला वाटतंय काका घाईत आहेत.

मांडणीकार: म्हणजे रेषा खोटी नाही, तिला दिलेली मोजपट्टी खोटी आहे.

तंत्रज्ञ: हो. आणि फ्लॅट अशा पट्टीच्या भानगडीतच पडत नाही.

अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये सगळे आकडे आधी १००० डीपीआयच्या मापात आणले जातात आणि मग रेषेवर ठेवले जातात. त्यासाठी माउसचा खरा डीपीआय ठाऊक असावा लागतो. ही माहिती सिस्टमडीच्या हार्डवेअर-कोशात असते. तिथे माउसांची एक वेगळी यादी आहे आणि तिच्यात माउस-डीपीआय या नावाने आकडा नोंदवलेला असतो. बाजारातले सगळे माउस त्या यादीत असणे शक्य नाही. माउस यादीत नसेल तर यूडेव्हच्या हार्डवेअर-कोशासाठी एटीसीमध्ये जो फोल्डर असतो त्यात आपली छोटी फाइल ठेवायची, तिच्यात माउसची ओळख आणि १६०० हा आकडा लिहायचा, सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबीला कोश नव्याने बांधायला सांगायचे आणि माउस काढून परत जोडायचा. या एका बदलाने अ‍ॅडॅप्टिव्हचे वागणे जागेवर येते. फ्लॅटवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, कारण तिथे माउसने पाठवलेल्या मोजण्यांना थेट गुणक लागतो.

याची जाणीव नसल्याने कितीतरी जण अ‍ॅडॅप्टिव्हलाच नावे ठेवून ते बंद करतात. पद्धत आवडली नाही म्हणून बंद करणे वेगळे आणि चुकीच्या डीपीआयवर चालत होती म्हणून बंद करणे वेगळे. निर्णय घेण्याआधी हा फरक तपासून पाहायला पाच मिनिटे लागतात.

मांडणीकार: आणखी एक. माझ्या यंत्रात सुरुवातीलाच चालणारी एक ओळ आहे, फार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली. एक्ससेट, मग एम, मग दोन आकडे. ती काय करते?

तंत्रज्ञ: आता काहीच नाही. मी ती मागेच पाहिली होती, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढली नाही.

ही ओळ एका जुन्या पद्धतीची खूण आहे. एक्स विंडो सिस्टीमच्या मूळ योजनेत त्वरणाचे, म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे प्रमाण वाढवण्याचे, दोनच आकडे होते: उंबरठा आणि गुणक. उंबरठा ४ आणि गुणक २ हे नेहमीचे आकडे. थोड्या वेळात उंबरठ्यापलीकडे हालचाल झाली की ती दुप्पट, नाहीतर जशीच्या तशी. मधला चढ नव्हता. उंबरठा ओलांडताना पॉइंटर एकदम उसळत असे. २००९ मध्ये आलेल्या एक्स सर्व्हर १.६ ने ही योजना सुधारली आणि वक्ररेषा आणल्या. त्यानंतर एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडसाठी लिबइनपुट लिहिली गेली. रेड हॅटमध्ये काम करणारे पीटर हटरर तिचे प्रमुख सांभाळकर्ते, आणि १.० ही आवृत्ती २०१५ ची. एक्समध्येही तिचा ड्रायव्हर आला आणि बहुतेक वितरणांनी तोच स्वीकारला. हा ड्रायव्हर एक्ससेटच्या त्या दोन आकड्यांकडे पाहतच नाही. ओळ चालते, चुकीचा संदेशही येत नाही आणि पॉइंटरवर परिणामही होत नाही. जुन्या सूचनांबरहुकूम सेटिंग करून 'काहीच फरक पडत नाही' म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

सेटिंग नेमकी कुठे बदलायची, हे डेस्कटॉपवर अवलंबून आहे. ग्नोममध्ये सेटिंग्जमधल्या माउस आणि टचपॅडच्या पानावर वेगाचा स्लायडर आणि त्वरणाचा खटका आहे. खटका बंद म्हणजे फ्लॅट. हेच टर्मिनलमधून जीसेटिंग्जने करता येते: डेस्कटॉपच्या पेरिफेरल्समध्ये माउसखाली 'स्पीड' आणि 'अ‍ॅक्सेल-प्रोफाइल' अशा दोन किल्ल्या आहेत. ग्नोम सगळ्या माउसना एकच वेग लावतो, त्यामुळे १००० आणि १६०० डीपीआयचे दोन माउस आलटून पालटून वापरणाऱ्याची पंचाईत होते. केडीई प्लाझ्मा प्रत्येक माउसची सेटिंग वेगळी ठेवतो. टचपॅडचे त्वरण हा स्वतंत्र कारभार आहे. त्याचा स्लायडर वेगळा आणि रेषाही वेगळी.

एक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर एक्सइनपुट ही आज्ञा जास्त खोलात नेते. तिच्याकडून उपकरणांची यादी मागवली की प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. बिनतारी माउसचे एकाच नावाचे दोन-दोन मानकरी यादीत असू शकतात, एक पॉइंटर म्हणून आणि एक कळफलक म्हणून. बदल पॉइंटरवाल्यावर करायचा. माउस काढून लावला की हा क्रमांकही बदलू शकतो, म्हणून तो पाठ करून उपयोग नाही. 'लिबइनपुट अ‍ॅक्सेल स्पीड' हा गुणधर्म वेग ठरवतो आणि 'लिबइनपुट अ‍ॅक्सेल प्रोफाइल एनेबल्ड' पद्धत.

मांडणीकार: मला कुणीतरी नऊ आकड्यांचं कोष्टकही सांगितलं होतं. पहिला आणि पाचवा आकडा अर्धा केला की वेग निम्मा.

तंत्रज्ञ: होतो निम्मा. पण ते लिबइनपुटच्या नंतर लागतं. स्लायडर एकीकडे, कोष्टक दुसरीकडे. सहा महिन्यांनी वेग कुठून कमी झालाय ते तुम्हालाच आठवणार नाही.

हे कोष्टक म्हणजे निर्देशकांचे रूपांतर करणारी तीन बाय तीनची चौकट. ती मुख्यतः टचस्क्रीन फिरवण्यासारख्या कामांसाठी आहे. माउसचा वेग तिने बदलतो हे खरे, पण डेस्कटॉपच्या सेटिंग्जला तिची खबर नसते. दोन ठिकाणी गुणाकार ठेवू नये, हे तंत्रज्ञाचे मत इथे मान्य करण्याजोगे आहे.

एक्सइनपुटने केलेले बदल यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर पुसले जातात. ते टिकवायचे तर एक्सऑर्गच्या संरचना-फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात 'इनपुटक्लास' असा विभाग, माउसशी जुळणारी अट, ड्रायव्हर म्हणून लिबइनपुट आणि मग 'अ‍ॅक्सेलप्रोफाइल' व 'अ‍ॅक्सेलस्पीड' या दोन ओळी एवढे पुरते.

वेलँडवर हा मार्ग बंद होतो. तिथे माउसचा ताबा डेस्कटॉपच्या कंपोझिटरकडे असतो आणि एक्सइनपुटच्या यादीत खऱ्या माउसऐवजी एक्सवेलँडचे नकली पॉइंटर दिसतात. त्यांच्यावर सेटिंग करून हाती काही लागत नाही. फेडोराने २०१६ मध्येच वेलँड हे नेहमीचे सत्र केले. इतर वितरणे मागोमाग गेली. तिथे सेटिंग डेस्कटॉपमधूनच करावी लागते. स्वे हा कंपोझिटर वापरणाऱ्यांना ती संरचना-फाइलमध्ये लिहिता येते. खेळांसाठी वेलँडमध्ये वेगळी सोय आहे: खेळाला त्वरण लागलेले आणि न लागलेले असे दोन्ही आकडे मिळू शकतात. खेळाने न लागलेले आकडे घेतले तर डेस्कटॉपच्या स्लायडरचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, आणि डेस्कटॉपवर अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवूनही खेळात फ्लॅट मिळते.

मांडणीकारांच्या यंत्रावर शेवटी जे झाले ते असे: माउस १६०० वरच ठेवला, हार्डवेअर-कोशात त्याचा खरा आकडा लिहिला, स्लायडर मधोमध आणला, पद्धत अ‍ॅडॅप्टिव्हच राहिली आणि एक्ससेटची ओळ काढली.

मांडणीकार: आता नीट चालतंय. फक्त सकाळी पासवर्ड टाकायच्या आधी पॉइंटर जरा वेगळाच वाटतो.

तंत्रज्ञ: तिथे तुम्ही अजून आत आलेलाच नसता, काका. तो पडदा दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो.

ग्नोममध्ये लॉगिनचा पडदा जीडीएम चालवतो आणि त्याचा वापरकर्ता वेगळा असतो. स्लायडरचा वेग आणि पद्धतीचा खटका या ज्याच्या त्याच्या खात्यातल्या सेटिंग्ज आहेत, म्हणून त्या लॉगिनच्या पडद्यावर लागू होत नाहीत. एक्सऑर्गच्या संरचना-फाइलमधली नोंद मात्र एक्सवर चालणाऱ्या लॉगिनलाही लागते. हार्डवेअर-कोशातला डीपीआय तर सगळ्या यंत्राला लागू असतो, लॉगिनच्या पडद्यासकट. तिथे उरलेला फरक फक्त स्लायडरचा आणि पद्धतीचा असतो.